आपल्या डोक्याने घडवलेला ट्रॅक्टर : 'स्वराज'ची हकीकत



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाचा लाल, कुणाचा निळा. बोनेटचा नुसता रंग पाहून शाळकरी पोरंसुद्धा कंपनीचं नाव सांगतात. नांगरट असो, सरी सोडणे असो, खोडव्याची मशागत असो की ऊस वाहतूक, ट्रॅक्टरावाचून आज आपले पान हलत नाही. पण हा ट्रॅक्टर मुळात कुणी घडवला, कुठल्या गावी घडवला, त्याचा नकाशा कुणाच्या डोक्यातून निघाला, याची चौकशी आपण सहसा करत नाही. घेताना भाव बघतो, बँकेचा हप्ता बघतो आणि शेजारच्या पाहुण्याला विचारतो, की "कसा चालतोय?"

म्हणून या वेळी एका ट्रॅक्टर कारखान्याची हकीकत सभासदांपुढे ठेवत आहोत. ती आहे पंजाबातल्या मोहालीच्या 'स्वराज'ची. ही हकीकत निवडण्याचे कारण एवढेच की, यात यंत्राची गोष्ट जितकी आहे तितकीच मालकीचीही आहे. आणि मालकी हा आपणा भागधारकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

परदेशी नकाशांचे दिवस

भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते परदेशी कंपन्यांचा हात धरून. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, तो जर्मन कंपनीच्या सहकार्याने. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनशी करार केला. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसची मदत घेतली. आपल्या मुंबईत महिंद्र मंडळींनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली. आपल्याकडच्या जुन्या बागायतदारांना आठवत असलेला 'बी-२७५' हा त्याच कंपनीचा. नकाशा परदेशातला, हत्यारे परदेशातली, जोडणी इथली, असा सगळा मामला होता.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नवीन विद्या कुणाकडून तरी शिकावीच लागते. पण शिकणे वेगळे आणि कायम दुसऱ्याच्या वहीतून उतरवत राहणे वेगळे. करार संपला की नवा करार, मॉडेल बदलले की नवी फी. आणि त्या मूळ ट्रॅक्टरचा विचार झालेला असे तो युरोप-अमेरिकेतल्या रानांचा, तिथल्या खिशाचा.

अशात १९६५-६६ आणि १९६६-६७ ही दोन्ही वर्षे दुष्काळाची गेली. अमेरिकेतून जहाजाने धान्य येई तेव्हा देशाची चूल पेटे. त्या काळात आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली मिलो जुन्या मंडळींच्या जिभेवर अजून असेल. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले आणि पंजाब-हरियाणात उत्पादनाची घोडदौड सुरू झाली. पण या नव्या बियाण्याबरोबर नवी घाईही आली. एक पीक निघाले की लगेच दुसऱ्याची तयारी. मधले दिवस थोडे. बैलांच्या चालीने ते काम वेळेत उरकेना. ट्रॅक्टर लागत होता, आणि तोही लहान शेतकऱ्याला पेलवेल असा.

दुर्गापूरची मंडळी

पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला केंद्र सरकारची यांत्रिक अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे. १९५८ साली ती स्थापन झाली. तिचे संचालक मनमोहन सुरी हे मूळचे रेल्वेचे अभियंते. डिझेल इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणारी 'सुरी ट्रान्समिशन' नावाची योजना त्यांनी रेल्वेसाठी तयार केली होती. म्हणजे कागदावरचे नव्हे, तर लोखंडातले संशोधन केलेला हा माणूस. १९६५ साली त्यांच्या संस्थेने वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतःच्या अकलेने तयार करण्याचे काम हाती घेतले. या कामाची प्रत्यक्ष धुरा चंद्रमोहन यांच्याकडे होती. तेही रेल्वेतून आलेले अभियंते.

ट्रॅक्टर म्हणजे चार चाकांवर इंजिन ठेवले की झाले, असे कुणाला वाटेल. तसे नाही. इंजिनाची फारशी अडचण नव्हती, कारण चांगले डिझेल इंजिन देशात तयार होत होते आणि ते आपल्या पुण्याच्या किर्लोस्करांकडचे होते. खरी कसोटी होती गिअरपेटीची आणि त्याहून अधिक हायड्रोलिक लिफ्टची.

लिफ्टचे मर्म काय, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वीचे ट्रॅक्टर नांगराला साखळीने ओढत, बैल ओढतात तसे. फाळ खडकात किंवा मुळीत अडकला की इंजिन जोर करी, पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाचा जीव जाई. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर तोड काढली. नांगर साखळीने न जोडता तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडायचा, दोन खालचे हात आणि एक वरचा. जमीन कडक लागली की वरच्या हातावर दाब येतो, तो दाब तेलाच्या झडपेला कळतो आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. जमीन मऊ लागली की पुन्हा खाली सोडते. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर पडत असल्याने चाक जागच्या जागी फिरत नाही, त्याची पकड वाढते. १९३९ साली अमेरिकेत फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही योजना बसली आणि मग ती जगभर पसरली. आज आपण सीटशेजारचा दांडा मागेपुढे करून नांगराची खोली ठरवतो, त्यामागे ही सगळी कारागिरी आहे.

पण या कारागिरीवर ठिकठिकाणी पेटंटांचे कुंपण होते. दुसऱ्याच्या रानातून वाट काढायची तर एक तर भाडे द्यावे लागते, नाहीतर बांधाबांधाने आपली वाट शोधावी लागते. दुर्गापूरच्या मंडळींनी दुसरा मार्ग धरला. पेटंटांचा अभ्यास करून, त्यांना वळसा घालून त्यांनी आपली स्वतंत्र रचना बसवली. नमुने तयार केले, रानात चालवले, मोडले, पुन्हा केले. मध्य प्रदेशात बुदनी येथे सरकारचे ट्रॅक्टर तपासणी केंद्र आहे, तेथील कसोटीलाही त्यांचा ट्रॅक्टर उतरला. पाच वर्षांत वीस अश्वशक्तीचा अस्सल देशी ट्रॅक्टर उभा राहिला.

घरचे राहिले बाजूला

आता कुणालाही वाटेल की सरकारने हा ट्रॅक्टर डोक्यावर घेतला असेल. झाले उलटेच. केंद्र सरकारला सार्वजनिक क्षेत्रात ट्रॅक्टरचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपल्या मनगटावरच्या घड्याळाची एचएमटी, निवडली गेली. आणि नकाशा निवडला तो चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरचा. १९७१ साली हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीचे ट्रॅक्टर निघू लागले.

ठरवणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. झेटर हा कसाला उतरलेला ट्रॅक्टर होता. तो आयात होऊन इथल्या रानांत चालतही होता. उलट दुर्गापूरचा ट्रॅक्टर म्हणजे प्रयोगशाळेतले पोर. हजारोंनी बनवला तर कसा निघेल, याची हमी कोण देणार? जोखीम नको म्हणून माहितीतली वाट धरली गेली. नवे बेणे लावताना आपणही असेच म्हणतो, की आधी दुसऱ्याच्या रानात येऊ द्या, मग बघू. पण सगळ्यांनीच असे म्हटले तर नवे बेणे लावायचे कुणी?

पंजाबने पुढाकार घेतला

लावायची हिंमत पंजाबने केली. पंजाब राज्य औद्योगिक विकास महामंडळाने हा ट्रॅक्टर बनवण्याचे ठरवले आणि २७ जून १९७० रोजी 'पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. जागा चंदीगडला लागून असलेल्या मोहालीची. कर्ज हवे होते, ते मुंबईच्या औद्योगिक विकास बँकेने, म्हणजे आयडीबीआयने, सगळा प्रकल्प तपासून मंजूर केले. वर्षाला ५,००० ट्रॅक्टर काढता येतील असा कारखाना आणि त्यासाठी भांडवल ३ कोटी ७० लाख रुपये. आजच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळी एका राज्याच्या महामंडळाने, दिल्लीने बाजूला ठेवलेल्या नकाशावर, एवढी रक्कम लावणे म्हणजे मोठाच जुगार होता.

सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली ती ही, की नुसता नकाशा आणला नाही, नकाशा काढणारी माणसेही आणली. चंद्रमोहन आणि त्यांचे सहकारी अभियंते मोहालीला आले. ज्याने विहीर खणली त्यालाच मोटेवर बसवले. पुढे चंद्रमोहन यांनी दीर्घकाळ कंपनीचा कारभार पाहिला. सुट्या भागांपैकी कित्येक भाग पंजाबातल्या लहान कारखानदारांकडून करून घेतले. त्यामुळे एका कारखान्याभोवती अनेक वर्कशॉपांची चूल पेटली. साखर कारखान्याभोवती बाजारपेठ कशी वाढते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहेच.

१४ नोव्हेंबर १९७३ रोजी पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला आणि १९७४ पासून विक्री सुरू झाली. मॉडेल 'स्वराज ७२४', ताकद साडेसव्वीस अश्वशक्ती. नाव 'स्वराज'. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ फोड करून सांगायला नको.

एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा

यापुढची वाटचाल लक्षात घेण्याजोगी आहे. १९७५ साली ३९ अश्वशक्तीचा 'स्वराज ७३५' आला. १९७८ साली साडेएकोणीस अश्वशक्तीचा लहान 'स्वराज ७२०' आला. १९८० साली गहू-भात कापून मळणी करणारे, स्वतःच्या इंजिनावर चालणारे 'स्वराज ८१००' हे कंबाईन यंत्र काढले. देशात तयार झालेले या जातीचे ते पहिले यंत्र. १९८३ साली ५५ अश्वशक्तीचा 'स्वराज ८५५' आला. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढायच्या, तर अशाच ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, हे वाहतूकदार सभासदांना सांगायला नको.

हे सगळे बाहेरचा करार न करता, कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागातून झाले. एकदा यंत्राचे मर्म कळले की लहानाचे मोठे आणि मोठ्याचे लहान करता येते. नुसता नकाशा विकत आणलेल्याला मात्र प्रत्येक वेळी पुन्हा बाजारात जावे लागते.

एक गोष्ट आपणा भागधारकांनी विशेष ध्यानात घ्यावी. कंपनी नोंदली १९७० साली, विक्री सुरू झाली १९७४ साली, आणि भागधारकांना पहिला लाभांश मिळाला १९७८ साली. म्हणजे आठ वर्षे दम धरावा लागला. पेरले आणि दुसऱ्या दिवशी कणीस मागितले, असा हा धंदा नव्हे.

पुढे कंपनीने हातपाय पसरले. १९८० साली महामंडळाची आजारी पडलेली स्कूटर कंपनी सांभाळायला घेतली. १९८४ साली जपानच्या माझदाबरोबर हलक्या मालमोटारींची 'स्वराज माझदा' काढली. इंजिनांसाठी तर मूळच्या सोयरिकीलाच पक्की गाठ मारली : १९८५ साली पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सबरोबर मोहालीला 'स्वराज इंजिन्स' ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. पंजाबच्या बोनेटखाली महाराष्ट्राचे काळीज धडधडत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही.

मालकी बदलली

इथपर्यंतची हकीकत ऐकायला गोड आहे. पुढची जरा जपून ऐकायची आहे.

१९९१ नंतर देशाचे वारे बदलले. सरकारांनी धंदा करू नये, आपले हिस्से विकून मोकळे व्हावे, असे धोरण आले. २००३ साली पंजाब सरकारच्या महामंडळाने पंजाब ट्रॅक्टर्समधला आपला सगळा हिस्सा, सुमारे साडेतेवीस टक्के, विकून टाकला. घेणारी होती परदेशी गुंतवणूक संस्था. तीच पुढे 'ॲक्टिस' नावाने ओळखली गेली. अशा संस्थेचा धंदा ट्रॅक्टर बनवण्याचा नसतो. हिस्सा घ्यायचा, भाव वाढला की विकायचा, हा त्यांचा व्यवसाय. त्यात बेकायदा काही नाही. पण ट्रॅक्टर घडवणारा मालक आणि शेअर विकणारा मालक यांत फरक आहे.

झालेही तसेच. चार वर्षांनी, २००७ साली, ॲक्टिस आणि बर्मन कुटुंब यांच्याकडचे मिळून सुमारे ४३ टक्के शेअर मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रने घेतले. भाव ठरला शेअरला ३६० रुपये. पाठोपाठ इतर भागधारकांकडूनही शेअर घेऊन बहुमत पक्के केले. २००९ साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. भागधारकांना महिंद्रचे शेअर मिळाले, आणि दुर्गापूरच्या नकाशावर पंजाब राज्याने उभी केलेली ती कंपनी कंपन्यांच्या नोंदवहीतून नाहीशी झाली.

'स्वराज' मात्र नाहीसा झाला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नव्या मालकाने नाव टिकवले, कारखाना मोहालीतच ठेवला आणि वाढवला. २०१३ साली दहा लाखावा आणि २०२२ साली वीस लाखावा स्वराज ट्रॅक्टर बाहेर पडला. पहिल्या दहा लाखांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली, पुढच्या दहा लाखांना नऊ. यंत्राचे भले झाले, ग्राहकाचेही वाईट झाले नाही. प्रश्न एवढाच उरतो, की ज्यांनी जोखीम घेतली त्यांचा त्या कारखान्याच्या कारभारात आज शब्द किती? पंजाबच्या लोकांचा म्हणून त्यात जो हिस्सा होता, तो २००३ सालीच संपला.

आणि पिंजोरला काय झाले ?

दिल्लीने ज्या परदेशी नकाशाला पसंती दिली, त्याचेही पुढे काय झाले ते पाहू. एचएमटीचे ट्रॅक्टर वाईट नव्हते. '३५२२' किंवा '५९११' चालवलेला माणूस आजही त्यांच्या दणकटपणाची तारीफ करतो. पण कारखाना तोट्यात गेला, वर्षानुवर्षे तोट्यात राहिला. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. १९७० च्या सुमारास ज्याची हमी कोण देणार म्हणून विचारले जात होते तो ट्रॅक्टर आज रानात आहे, आणि ज्याची हमी धरली होती त्याचा कारखाना बंद आहे.

यावरून 'देशी ते तरले, परदेशी ते बुडाले' असा सोपा निष्कर्ष काढू नये. परदेशी सहकार्यावर सुरू झालेले कित्येक कारखाने उत्तम चालले आहेत. आणि सरकारी म्हणून एचएमटी बुडाली म्हणावे, तर पंजाब ट्रॅक्टर्सही सरकारी महामंडळानेच जन्माला घातली होती. दोघींत एक फरक मात्र ढळढळीत दिसतो. मोहालीला कारभाराच्या खुर्चीवर ट्रॅक्टर स्वतः घडवलेला माणूस होता, आणि तो लांब काळ तिथे टिकला. ज्याला यंत्र कळते आणि ज्याचा जीव त्यात आहे, तो कारखाना चालवतो तेव्हा तोट्याची वर्षेही निभावून जातात.

आपल्यापुरते

या हकीकतीतून आपण दोन गोष्टी घेऊ शकतो.

पहिली गोष्ट अकलेची. नवीन मशागतीचे अवजार, ठिबक, ऊसतोडणीचे यंत्र, काहीही घेताना ते बाहेरून आणायला हरकत नाही. पण त्याचे मर्म जाणणारी दोन-चार पोरे आपल्याच गावात तयार व्हायला हवीत. नाहीतर एक झडप नादुरुस्त झाली की ऐन हंगामात यंत्र शेडमध्ये आणि ऊस फडात.

दुसरी गोष्ट मालकीची. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा शब्द मोठा. म्हणून शेअर विकला गेला की मालक बदलतो, मग कारखाना कुणी का उभा केलेला असेना. सहकारात तसे नाही. दहा गुंठेवाला असो की पन्नास एकरवाला, एका सभासदाला एकच मत. आपला कारखाना कुणी शेअर बाजारात जाऊन विकत घेऊ शकत नाही. पण म्हणून तो आपल्या हातून जाणारच नाही, असे मात्र नाही. आपल्याच राज्यात कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात निघाले आणि खासगी झाले, हे आपण पाहिले आहे. कंपनी जाते ती शेअर विकून, आणि सहकारी कारखाना जातो तो ताळेबंदातून. एकेका वर्षाचा तोटा, एकेका वर्षाचे न फिटलेले कर्ज. सभेत कुणी विचारत नाही, आणि मग एक दिवस बँकेची नोटीस दारावर लागते.

म्हणून वार्षिक सभेचा अहवाल घरी आला की त्यातले फोटो पाहून तो फडताळात टाकू नका. ताळेबंदाचे पान उघडा. कर्ज किती, व्याज किती, साठ्यातली साखर किती, देणी किती, एवढे चार आकडे मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहा. न कळल्यास शिकलेल्या पोराला विचारा, सुनेला विचारा, आणि तरीही न कळल्यास सभेत उभे राहून विचारा. सभासदाने विचारलेला प्रश्न म्हणजे विरोध नव्हे, ती राखण आहे. पिकात जनावर शिरू नये म्हणून आपण रात्री रानात जागतोच ना? मग ज्या कारखान्यात वडिलांनी कारभारणीचे दागिने मोडून शेअर घेतला, त्याच्यासाठी वर्षातली एक दुपार जागायला काय हरकत आहे?